‘समस्थानिक’ या शब्दामागची स्त्री, बुलढाण्याच्या ताराबाई आणि न लिहिलेली एक कादंबरी

१.
शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘समस्थानिक’ हा शब्द आपण सर्वांनी पाठ केला आहे. अणुक्रमांक तोच, वस्तुमान मात्र वेगळे. म्हणून आवर्तसारणीत स्थान एकच. हा शब्द ‘आयसोटोप’ या ग्रीक धातूंवरून घडवलेल्या नावाचे सरळ मराठी रूप आहे: आयसॉस म्हणजे समान, टोपोस म्हणजे स्थान. १९१३ साली हे नाव सुचवणारी व्यक्ती रसायनशास्त्रज्ञ नव्हती. ती डॉक्टर होती, कादंबरीकार होती आणि तिचे आयुष्य दुसऱ्या एका स्त्री डॉक्टरच्या सहवासात गेले होते. आजचा धागा तिच्यापर्यंत पोहोचणार आहे. आरंभ मात्र बुलढाण्यापासून करायचा आहे.

२.
बुलढाणा म्हटले की सिंदखेडराजा, लोणार, शेगाव ही नावे प्रथम ओठांवर येतात. त्याच पंक्तीत आणखी एक नाव असायला हवे: ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक विचारांच्या वर्तुळात वावरत होते. तेव्हा वऱ्हाड नावापुरते निजामाचे, कारभार इंग्रजांचा. मुलींची शाळा ही दुर्मीळ गोष्ट असताना या घरातली मुलगी मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकली. १८८२ साली तिने एक लहानसे पुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘स्त्रीपुरुषतुलना’.

३.
निमित्त सुरतेच्या एका खटल्याचे होते. १८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला, जन्मलेले मूल मारल्याच्या आरोपावरून फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती सौम्य झाली. पण वर्तमानपत्रांत चर्चा पेटली ती न्यायाची नव्हे, तर स्त्रियांच्या बिघडलेल्या चालीची. पुनर्विवाहाला बंदी घालणारा समाज, विधवेला एकटे गाठणारा पुरुष, यांची चौकशी कोणी करीना. बुलढाण्यात बसून ताराबाई हे वाचत होत्या. त्यांनी प्रतिप्रश्न केला: जे दुर्गुण स्त्रीच्या माथी मारता, ते पुरुषात नाहीत काय?

४.
आपल्या विषयाच्या दृष्टीने या पुस्तकातील आणखी एक भाग महत्त्वाचा आहे. ताराबाईंनी धर्मशास्त्राइतकीच साहित्याचीही झडती घेतली. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’, ‘मनोरमा’ अशा तेव्हाच्या कादंबऱ्या-नाटकांतील स्त्रिया त्यांनी तपासल्या आणि पुरुषांनी रंगवलेल्या या बायकांचा खऱ्या बायकांच्या जगण्याशी संबंध किती, असा सवाल टाकला. स्त्रीची गोष्ट कोण सांगतो आणि ती कोठे संपवतो, हा प्रश्न मराठीत इतक्या स्पष्टपणे प्रथम विचारला गेला तो बुलढाण्याहून.

५.
पुस्तक पुण्यात छापले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. मुखपृष्ठावर लेखिकेचे स्वतःचे नाव. ही शेवटची बाब लक्षात ठेवा. पुढे तिचे मोल कळेल. टीका इतकी झाली की १८८५ साली महात्मा फुल्यांनी ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर मात्र शांतता. त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही. जवळजवळ शंभर वर्षे हे पुस्तक विस्मृतीत राहिले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशित केले, म्हणून आज आपण ताराबाईंना ओळखतो. एखादी प्रत वाचते, एखादा संशोधक तिच्यापर्यंत पोहोचतो. इतक्या बारीक दोऱ्यावर इतिहास लटकलेला असतो.

६.
आता बुलढाण्याहून मुंबईला जाऊ, कारण ताराबाईंच्या पुस्तकानंतर वर्षभरातच तेथे एक वेगळी घडामोड सुरू झाली. पुरुष डॉक्टरांसमोर जाण्यास स्त्रिया तयार नसत आणि उपचारांवाचून मरत. यावर उपाय म्हणून अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज आणि पारशी सुधारक सोराबजी शापूरजी बंगाली यांनी निधी उभारला. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रियांचे रुग्णालय उभे राहू लागले. तेच आजचे कामा रुग्णालय. तेथे स्त्री डॉक्टर हवी होती. डिसेंबर १८८३ मध्ये एडिथ पेची मुंबईच्या बंदरात उतरल्या.

७.
पेची कोण होत्या? १८६९ साली एडिनबरो विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी दाखल झालेल्या सात स्त्रियांपैकी त्या एक. या गटाला ‘एडिनबरो सेव्हन’ म्हणतात. रसायनशास्त्राच्या परीक्षेत, प्रथमच बसलेल्या विद्यार्थ्यांत पेची पहिल्या आल्या. त्या क्रमांकाला होप शिष्यवृत्ती मिळत असे. ती त्यांना नाकारून त्यांच्या खालच्या क्रमांकाच्या पुरुष विद्यार्थ्याला देण्यात आली. कारण एकच: पेची स्त्री होत्या.

८.
१८ नोव्हेंबर १८७० रोजी या स्त्रिया शरीरशास्त्राच्या परीक्षेसाठी सर्जन्स हॉलकडे निघाल्या. रस्त्यात जमाव. चिखलफेक, शिव्या, आणि तोंडावर आपटलेले फाटक. आत परीक्षा सुरू असताना कोणीतरी सभागृहात एक मेंढी सोडली. अखेर विद्यापीठाने त्यांना पदवी दिलीच नाही आणि १८७३ साली न्यायालयानेही विद्यापीठाचीच बाजू उचलून धरली. पेची स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जाऊन डॉक्टर झाल्या. मुंबईत येणारी ही स्त्री अशी तावून-सुलाखून आली होती. पुरुष डॉक्टरांइतकेच वेतन मिळाले पाहिजे, ही भूमिका त्यांनी येथेही सोडली नाही. पुढे मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

९.
या सातजणींच्या अग्रणी होत्या सोफिया जेक्स-ब्लेक. जन्म १८४०. दाराशी अडवले की दुसरे दार स्वतः बांधायचे, असा त्यांचा खाक्या. एडिनबरोने नाकारले तेव्हा १८७४ साली त्यांच्या पुढाकाराने ‘लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन’ उभे राहिले. पेची आणि त्यांची मैत्री एडिनबरोच्या त्या चिखलात पक्की झाली होती. दोघींनी बर्नची पदवीही १८७७ साली बरोबरच मिळवली. या महाविद्यालयाचे नाव ध्यानात ठेवा. मुंबईतील एका मुलीचा रस्ता तेथूनच जाणार आहे.

१०.
ती मुलगी म्हणजे रखमाबाई. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे नामांकित वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. १८८३ साली स्थापन झालेल्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या आठ संस्थापकांपैकी एक. म्हणजे घरात विज्ञान होते. पण अकराव्या वर्षी लग्नही झाले होते. मोठी झाल्यावर रखमाबाईंनी नांदायला जाण्यास नकार दिला. पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने कौल दिला. अपिलानंतर, मार्च १८८७ मध्ये, नांदायला जा अथवा सहा महिने तुरुंगात जा, असा उलट आदेश निघाला.

११.
तुरुंग पत्करीन, पण जाणार नाही, असे रखमाबाईंनी कळवले. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. या लढ्यात त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली, त्यांखाली सही होती केवळ ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाची. एडिथ पेची त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि शिक्षणासाठी पैसा जमवण्यास साह्य केले. १८८९ साली रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच लंडनच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या. १८९४ मध्ये त्यांनी ब्रुसेल्सची एम.डी. पदवी घेतली.

१२.
१८९५ साली परत आल्यावर त्यांनी कामाला सुरुवात केली ती कोठे? सुरतेला, स्त्रियांच्या रुग्णालयात. ज्या शहरातील एका विधवेच्या खटल्याने बुलढाण्याच्या ताराबाईंना लेखणी उचलायला लावले, त्याच शहरात चौदा वर्षांनी एक मराठी स्त्री डॉक्टर म्हणून उभी होती. हा योगायोग आहे, यापेक्षा अधिक त्याला काही म्हणू नये. पण ज्या प्रसंगी विजयालक्ष्मीच्या वाट्याला फक्त पोलीस आणि न्यायाधीश आले, तशा प्रसंगी दार ठोठवावे असे एक ठिकाण आता त्या शहरातल्या स्त्रीला मिळाले होते.

१३.
आता एडिनबरोला परतू, कारण ‘समस्थानिक’चे कोडे अजून बाकी आहे. जेक्स-ब्लेक यांनी १८८६ साली तेथे स्त्रियांसाठी स्वतःची वैद्यकीय शाळा काढली. पहिल्या विद्यार्थिनींत मार्गारेट टॉड होत्या. जन्म १८५९, पूर्वी ग्लासगोत शिक्षिका. त्यांना पात्रता मिळवायला आठ वर्षे लागली, कारण मध्येच त्या कादंबरी लिहू लागल्या. १८९२ साली ती प्रसिद्ध झाली: ‘मोना मॅक्लीन, मेडिकल स्टुडंट’. वाचकांनी ती उचलून धरली आणि तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. मुखपृष्ठावरचे लेखकाचे नाव मात्र ‘ग्रॅहॅम ट्रॅव्हर्स’. पुरुषाचे.

१४.
कादंबरी परीक्षेत नापास झालेल्या एका वैद्यक-विद्यार्थिनीची आहे. खिन्न झालेली मोना स्कॉटलंडमधील एका गावी नातलग स्त्रीच्या दुकानात काही महिने काढते, आपण डॉक्टर होत आहोत हे लपवते आणि अखेर परत अभ्यासाला लागते. स्त्रिया शिकताना, थट्टा करताना, एकमेकींना सावरताना यात दिसतात. आणि त्या साऱ्या टॉड यांनी जवळून पाहिलेल्या होत्या. शेवटी मोनाचे लग्न होते, एका पुरुष डॉक्टरशी. दोघे मिळून दवाखाना चालवतात. तेव्हाच्या वाचकाला हाच शेवट मान्य होता.

१५.
लेखिकेचे स्वतःचे आयुष्य मात्र या शेवटाकडे गेले नाही. टॉड डॉक्टर झाल्या आणि जेक्स-ब्लेक यांच्या स्त्री-रुग्णालयात काम करू लागल्या. १८९९ मध्ये जेक्स-ब्लेक निवृत्त होऊन ससेक्समधील ‘विंडीडीन’ या घरी राहायला गेल्या, तेव्हा टॉडही त्यांच्यासोबत गेल्या. १९१२ साली जेक्स-ब्लेक यांचे निधन होईपर्यंत दोघी एकत्र होत्या. आजचे बहुतेक अभ्यासक त्यांना एकमेकींच्या सहचरी मानतात. आपण स्त्रियांवर इतके प्रेम करतो की पुरुषावर करणे जमेल असे वाटत नाही, अशा आशयाची नोंद तरुण सोफियांनी आपल्या दैनंदिनीत केली होती.

१६.
ही नोंद आपल्यापर्यंत कशी आली? मार्गारेट टॉड यांच्यामुळेच. त्यांनी सोफियांचे विस्तृत चरित्र लिहिले आणि ते १९१८ साली, यावेळी स्वतःच्या नावाने, प्रसिद्ध केले. त्यात दैनंदिनी आणि पत्रांतील बरेच उतारे आहेत. आपल्यामागे खाजगी कागद नष्ट करावेत अशी सोफियांची इच्छा होती. चरित्र पूर्ण झाल्यावर टॉड यांनी ती पाळली. त्याच वर्षी त्यांचेही निधन झाले. म्हणजे या प्रेमाचा साक्षीदार, संपादक आणि राखणदार एकच व्यक्ती होती, आणि पेटीला काडी लावणारे हातही तिचेच होते. चरित्रात टॉड स्वतःविषयी जवळजवळ काहीच बोलत नाहीत.

१७.
आणि ‘आयसोटोप’? फ्रेडरिक सॉडी हे ग्लासगोत किरणोत्सारी मूलद्रव्यांवर काम करत होते. रासायनिक गुणधर्म एकच असलेल्या, पण वस्तुमानाने भिन्न अणूंना काय म्हणावे, हा त्यांच्यासमोरचा पेच. १९१३ मध्ये सासऱ्यांच्या घरी जेवणाच्या वेळी त्यांनी तो टॉड यांच्यापुढे मांडला. ग्रीक जाणणाऱ्या टॉड यांनी दोन शब्द जोडून दिले. त्याच वर्षअखेरीस ‘नेचर’मध्ये तो शब्द छापून आला. सॉडी यांना १९२१ चे नोबेल मिळाले. शब्द जगभर गेला, मराठीत येऊन ‘समस्थानिक’ झाला. देणारीचे नाव मात्र शब्दासोबत फारसे गेले नाही.

१८.
आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. विज्ञानातल्या स्त्रिया आणि त्यांचे परस्परांवरील प्रेम यांवर आज इंग्रजीत ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या जातात. तरुण वाचक त्या आवडीने वाचतात. काही जण नाक मुरडतात: त्या काळी असे काही नव्हतेच, हे आजचे खूळ मागे चिकटवलेले आहे. आपण वर पाहिलेली माणसे कल्पित नाहीत. एक घर, एक चरित्र, काही जळालेले कागद एवढे तर निश्चित आहे. ‘नोंद नाही’ आणि ‘घडले नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यांची गल्लत करू नये.

१९.
उलट दिशेची चूकही तितकीच घातक. दोन स्त्रियांची मैत्री दिसली की तिला लगेच प्रणयाचे नाव द्यायचे, हा उतावळेपणा झाला. एडिथ पेची यांनी १८८९ मध्ये मुंबईत हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन यांच्याशी लग्न केले. हे फिप्सन म्हणजे सखाराम अर्जुनांच्या त्याच नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव. रखमाबाईंनी पुन्हा लग्न केले नाही, पण त्यावरून त्यांच्या मनाविषयी निष्कर्ष काढण्याचा अधिकार आपल्याला नाही. ताराबाईंबद्दलही तेच. जेथे पुरावा आहे तेथे तो लपवू नये. जेथे नाही तेथे तो पैदा करू नये.

२०.
मराठीत या विषयाची काय स्थिती आहे? विज्ञानातील स्त्रीवरची आपली सर्वात गाजलेली ऐतिहासिक कादंबरी म्हणजे श्री. ज. जोशी यांची १९६८ ची ‘आनंदी गोपाळ’. डॉ. आनंदीबाई जोशी यांची ती गोष्ट. पण शीर्षकातच पतीचे नाव जोडलेले. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी रंगभूमीवर ठळकपणे आली ती १९८१ साली, विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये, रोहिणी हट्टंगडी यांनी ती भूमिका केली. नाटक धाडसी होते, यात शंका नाही. पण सुमित्राच्या वाट्याला अखेर आत्मनाशच आला. एका गोष्टीचा शेवट विवाहात, दुसरीचा मरणात. तिसरा शेवट मराठीने अजून फारसा लिहिलेला नाही.

२१.
ताराबाईंचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो: स्त्रीची गोष्ट कोण सांगतो आणि कोठे संपवतो? नावांचा क्रम एकदा पाहा. रखमाबाईंनी पत्रांखाली नाव लपवले, कारण खटला चालू होता. टॉड यांनी पुरुषाचे नाव घेतले आणि मोनाला नवरा दिला. लंडन-एडिनबरोच्या ग्रंथालयांपासून हजारो मैल दूर, वऱ्हाडातल्या एका लहान जिल्हा-ठाण्यात राहणाऱ्या ताराबाईंनी मात्र १८८२ मध्ये स्वतःच्या नावाने लिहिले. त्याची किंमतही त्यांनी मोजली. पण ते नाव छापलेले होते, म्हणूनच मालशे यांना ते सापडले.

२२.
म्हणून अशी कादंबरी मराठीत कोणी लिहायला घेतली, तर तिचे साहित्य आपल्या दाराशीच आहे: कामा रुग्णालयाची पायाभरणी, सखाराम अर्जुनांच्या घरातील वनस्पतींचे नमुने, लंडनला निघालेली आगबोट, वसतिगृहातल्या खोल्या, ब्रुसेल्सची परीक्षा. पात्रे कल्पित असोत. खऱ्या व्यक्तींच्या माथी काही मारण्याची गरज नाही. कल्पित पात्राला एवढेच द्यावे, जे टॉड यांना आपल्या मोनाला देता आले नाही: स्वतःला हवा तो शेवट.

२३.
आणि तोवर वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी असेल. आजीची, पणजीची, कधी लग्न न केलेल्या आत्याची. शाळेत, दवाखान्यात नोकरी केलेल्या एखाद्या मावशीची आणि तिच्याच घरी जन्मभर राहिलेल्या तिच्या ‘मैत्रिणी’ची. त्यातली पत्रे, वह्या, पाठीमागे नावे लिहिलेली छायाचित्रे रद्दीत देण्याआधी एकदा वाचा. कदाचित त्यात फक्त वाण्याचा हिशोब निघेल. कदाचित एखाद्या ताराबाईंची पाचशेपैकी शेवटची प्रत निघेल. वाचल्याशिवाय ते कळणार नाही.